समोर हिरो आला तर

विलेपार्ले (पूर्व), मुंबई

चि. धाकटीस,


तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. पहिल्यांदा तुझ्या रडवेल्या आवाजामुळे अर्धा कळला नाही, दुसऱ्यांदा मागच्या रिक्षांच्या हॉर्नमुळे. कळलं ते एवढं: रात्री साडेनऊला तू वर्सोव्याच्या औषधाच्या दुकानात तापाची गोळी घ्यायला गेलीस, आणि काउंटरवर तुझ्या शेजारी तोच उभा. ज्याच्या वेबसिरीजपायी तू परीक्षेच्या आदल्या रात्री जागली होतीस, तो. तू सेल्फी मागितलास. "आत्ता नको, प्लीज," म्हणत त्याने पिशवी उचलली आणि तो निघून गेला. तू मात्र नांदेडच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर "ओळखा पाहू माझ्या शेजारी कोण उभं आहे" असं आधीच टाकून बसली होतीस, त्यामुळे वर चेष्टाही झाली. आणि शेवटी तुझा प्रश्न: "आत्याआजी, आमच्याच तिकिटांवर मोठे होतात ना हे लोक? मग एवढा कसला माज?"

फोनवर उत्तर दिलं असतं, पण फोनवर तू "हो गं, हो गं" करून मोकळी होतेस. म्हणून कागदावर लिहिते आहे.

आधी त्या दुकानाचं बघू. रात्री साडेनऊला औषधाच्या दुकानात कोणी हौसेने जात नाही. पिशवीत आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या असतील, त्याचं स्वतःचं काही दुखणं असेल, नाहीतर नुसती खोकल्याची बाटली. तू फोटो काढला असतास तर त्यात काउंटर आलं असतं, काउंटरवरची पाकिटं आली असती, आणि सकाळपर्यंत 'याला झालंय तरी काय?' यावर अर्ध्या देशाने आपापलं मत दिलं असतं. तुझ्या औषधाच्या चिठ्ठीचा फोटो कोणी काढला तर तुला चालेल का? आणि त्याने "प्लीज" म्हटलं हे तूच सांगितलंस. माज करणारा माणूस प्लीज म्हणत नाही.

तिकिटाचं म्हणशील, तर मी जन्मभर बँकेत काम केलेली बाई आहे, हिशेबाने बोलते. तू तिकीट काढलंस, त्याने काम दाखवलं, व्यवहार पुरा झाला. त्यानंतर तुझं त्याच्याकडे काही येणं उरत नाही, त्याचंही तुझ्याकडे नाही. पुढे जे काही मिळेल, एखादं हसू, एखादी सही, ती खुशीची गोष्ट. खुशीच्या गोष्टीची वसुली करता येत नाही.

आमची बँक पार्ल्यात, जुहू हाकेच्या अंतरावर. त्यामुळे सिनेमातली खाती पुष्कळ होती. मंडळी स्वतः कमी यायची. त्यांचे सेक्रेटरी, ड्रायव्हर, स्वयंपाकाच्या मावशी जास्त. नावं विचारू नकोस. ग्राहकाचं नाव बँकेबाहेर काढायचं नसतं, आणि निवृत्त झाल्यावर ते बंधन सुटत नाही. पण क्वचित कोणी स्वतः यायचं. खात्यावरचं नाव वेगळं आणि पडद्यावरचं वेगळं, त्यामुळे आधी पत्ता लागत नसे. टोकनचा नंबर पुकारला की साधी कॉटनची साडी नेसलेली एक बाई बाकावरून उठून यायची, सही पडताळायला मी नमुन्याचं कार्ड काढायचे, मान वर करायचे, आणि मग डोक्यात प्रकाश पडायचा. मी जराशी हसायचे. आपल्याला ओळखलंय हे तिला कळायचं, तीही हसायची. मग मी विचारायचे, "शंभरच्या देऊ की पाचशेच्या?" एवढ्यात दोघींचं बोलून झालेलं असायचं. माझ्या मागे रांग उभी, तिची बाहेर गाडी उभी.

हे वळण मला कोणी मुद्दाम लावलं नाही. मुंबईत राहून ते लागलं. या गावात सिनेमा हा पहिल्यापासून पोटापाण्याचा उद्योग आहे, त्यामुळे सिनेमातला माणूस म्हणजे कामावर निघालेला किंवा कामावरून परतणारा माणूस, हे इथे अंगवळणी पडलं आहे.

अगदी मुळापासून बघ. दादासाहेब फाळक्यांनी दादरला 'राजा हरिश्चंद्र'चं काम काढलं, तेव्हा सिनेमात काम करणं एवढं कमीपणाचं होतं की ते आपल्या मंडळींना सांगत, कोणी विचारलंच तर 'हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे' असं सांगा. परेश मोकाशींच्या २००९ च्या सिनेमाचं नाव तिथूनच आलं. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, म्हणून एका खानावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना लुगडं नेसवलं. ३ मे १९१३ ला तो सिनेमा गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. आपल्या सिनेमाची पहिली राणी ही अशी खानावळीतून उठून आलेली!

मग एकेक स्टुडिओ उभा राहिला, आणि बहुतेक लोकलच्या आसऱ्यानेच. दादरला रणजित, परळला शांतारामबापूंचं राजकमल, वांद्र्याला मेहबूब, गोरेगावला फिल्मिस्तान, मालाडला बॉम्बे टॉकीज, चेंबूरला आर. के. कारकून फोर्टात जायचा आणि गिरणी कामगार लालबागला, तसा सिनेमातला माणूस दादरला नाहीतर मालाडला उतरायचा. सगळ्यांच्या खिशात पास तोच.

दिलीपकुमारांनी आत्मचरित्रात लिहिलेली हकिगत मला फार आवडते. १९४२ सालची गोष्ट. युसूफ खान नावाचा, विशीच्या उंबरठ्यावरचा मुलगा चर्चगेट स्टेशनवर दादरच्या गाडीची वाट बघत उभा होता. लष्कराला लाकडी खाटा पुरवायच्या कामासाठी कोणाला तरी भेटायला चालला होता. तिथे ओळखीचे डॉक्टर मसानी भेटले. म्हणाले, मी मालाडला बॉम्बे टॉकीजमध्ये निघालोय, तूही चल, तिथल्या मालकीणबाईंना भेट. मालकीणबाई म्हणजे देविकाराणी. त्यांनी नोकरी देऊ केली, साडेबाराशे रुपये पगार. मुलाला वाटलं वर्षाचे. ते महिन्याचे आहेत यावर त्याचा बराच वेळ विश्वास बसेना. खाटा राहिल्या बाजूला, आणि दोन वर्षांत 'ज्वार भाटा' पडद्यावर आला. त्या दिवशी चर्चगेटच्या त्याच फलाटावर शेकडो लोक उभे असतील. आपल्या शेजारी कोण उभं होतं हे त्यांना जन्मात कळलं नसेल.

दुसरी हकिगत लताबाईंची, त्या स्वतः सांगत. ग्रँट रोडहून गाडी पकडून त्या मालाडला बॉम्बे टॉकीजमध्ये रेकॉर्डिंगला जायच्या. एके दिवशी डब्यात कुडता-पायजमा घातलेला, हातात काठी घेतलेला एक मुलगा बसला होता. मालाडला त्या उतरल्या, तोही उतरला. त्यांनी टांगा केला, त्यानेही मागोमाग टांगा केला. स्टुडिओच्या दारापर्यंत हा आपला मागे. घाबरून त्या आत गेल्या आणि संगीतकार खेमचंद प्रकाशांना म्हणाल्या, हा कोण मुलगा माझा पाठलाग करतोय? खेमचंदजी हसायला लागले. अशोककुमारचा धाकटा भाऊ तो, किशोर. त्यालाही तिथेच यायचं होतं. पुढे १९४८ च्या 'जिद्दी'त दोघांनी एकत्र गाणं म्हटलं. ही गोष्ट लोक गंमत म्हणून सांगतात. मला तिच्यात आणखी एक दिसतं. अनोळखी माणूस मागे मागे यायला लागला की बाईच्या पोटात गोळा येतो, मग ती लता मंगेशकर का असेना. रात्री नऊच्या पुढे स्टेशनवरून चालत येताना तुलाही हे वाटतंच. म्हणून एखादी नटी दिसली आणि चार पोरं मोबाइल उगारून तिच्या मागे धावली, तर त्यात तू नसावंस असं मला वाटतं.

हे सगळे लोक आकाशातून पडले नव्हते. जॉनी वॉकर हे बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर होते, तिकिटं फाडता फाडता उतारूंना हसवायचे. बलराज साहनींनी ते पाहिलं आणि त्यांची गुरुदत्तशी गाठ घालून दिली. जितेंद्र गिरगावच्या चाळीत वाढला. घरचा धंदा नकली दागिन्यांचा. सिनेमावाल्यांना दागिने पुरवता पुरवता शांतारामबापूंच्या नजरेस पडला. राजेश खन्ना ठाकुरद्वारचा. आपल्या मराठीतलं बघ. दादा कोंडके नायगावच्या चाळीतले, अपना बाजारात नोकरी आणि सेवादलाच्या बँडमध्ये वाजवणं. लक्ष्मीकांत बेर्डे मुंबई मराठी साहित्य संघात नोकरीला होता. अशोक सराफ स्टेट बँकेत होते. त्यांच्याबद्दल आम्हा बँकवाल्यांना जरा जास्तच आपुलकी. काउंटर सांभाळून रात्री नाटक करणं म्हणजे काय, हे आम्हाला विचार.

ज्याला कालपर्यंत नळावर बादली लावताना पाहिलं, तो पडद्यावर आला तर चाळ कौतुकाने बघते, शिट्ट्या मारते, पण त्याच्यासमोर भांबावून जात नाही. मुंबईचा जुना माणूस हिरो दिसल्यावर एकदा बघतो, शेजारच्याला कोपराने ढोसतो, "तो बघ," म्हणतो, आणि गाडी पकडायला धावतो. बाहेरच्यांना हा थंडपणा वाटतो. मला विचारशील तर ही या गावाची रीत आहे, आणि इथे राहायला आलीस तर ती तूही घ्यावीस.

आता तू म्हणशील, मग ती गर्दी? ते बंगल्यापुढे ताटकळणारे लोक? ते काय मुंबईकर नाहीत? आहेत ना, आणि बाहेरगावचेही आहेत. मी त्यांना नावं ठेवणार नाही. १९८२ साल मी पाहिलं आहे. जुलैच्या २६ तारखेला बंगळुरूला 'कुली'च्या शूटिंगमध्ये अमिताभ बच्चनना मार लागला आणि पुढे त्यांना इथे ब्रीच कँडीत आणलं. ऑगस्टच्या सुरुवातीला तर ते आता जातात की काय अशी अवस्था होती. आमच्या बँकेत पासबुक भरून घ्यायला आलेल्या बायका पैशांच्या आधी "आज कसं आहे हो?" विचारायच्या. सिद्धिविनायकाला, हाजी अलीला लोकांनी नवस बोलले. २४ सप्टेंबरला ते घरी आले तेव्हा लोकांना आपलं माणूस परत आल्यासारखं वाटलं. ते प्रेम खोटं नव्हतं. पुढे वर्षानुवर्षं रविवारी संध्याकाळी 'जलसा'च्या फाटकाशी येऊन ते लोकांना हात जोडत आले. शाहरुख खानच्या वाढदिवसाला, २ नोव्हेंबरला, वांद्र्याच्या बँडस्टँडवर 'मन्नत'समोर लोटणारी गर्दीही तू टीव्हीवर पाहिलीच असशील. असं कोणी लोकांसमोर येणार असेल तेव्हा जरूर जा. तिथे तो माणूस दिसण्यासाठीच बाहेर आलेला असतो. तयार होऊन, ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी. हात हलव, ओरड, फोटो काढ. औषधाच्या दुकानात तो तसा आलेला नसतो. एवढा फरक ओळखता आला की बाकीचं आपोआप जमतं.

आणि खरंच सिनेमा जवळून बघायचा असेल, तर एक अख्खं शूटिंग बघ. हौस फिटते आणि आदर वाढतो.

आमच्या गल्लीत एकदा, ऐन मे महिन्यात, पावसाचं शूटिंग आलं. सोसायटीला पाणी सकाळी जेमतेम तासभर, आणि फाटकासमोर टँकर उभा. उंच शिड्यांवरून भोकं पाडलेले पाइप लावले, पंप सुरू झाला आणि आमच्या कोरड्या गल्लीत धो धो पाऊस! तिसऱ्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून ओरडल्या, "अहो, तो पाऊस जरा आमच्या टाकीत पाडा की!" खाली लाइटमनपासून हिरोइनपर्यंत सगळे हसले. काम एवढंच होतं: हिरोइनने आमच्या फाटकातून पळत यायचं, रिक्षात बसायचं, एक वाक्य बोलायचं. सकाळी आठला सुरू केलं. एकदा पाय घसरला, एकदा रिक्षा सुरूच होईना, एकदा पाऊस तिच्यावर न पडता रिक्षावाल्यावरच पडला. सगळं जमून आलं, आणि तळमजल्यावरच्या कुकरची शिट्टी झाली. कट! मग प्रॉडक्शनचा एक मुलगा दारोदार हिंडला, "मावशी, अर्धा तास कुकर लावू नका, पाया पडतो." आमच्या मजल्यावर त्या दिवशी वरणभात दोनला झाला.

मी गॅलरीत भाजी निवडत बघत होते. दर टेकनंतर स्पॉटदादा टॉवेल घेऊन धावायचा. तासन्तास ओल्या कपड्यांत राहून त्या मुलीचे दात भर मेमध्ये वाजत होते. चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरून ती उभी राहायची, कोणीतरी केस परत विस्कटायचं, कोणीतरी काजळ ठीक करायचं, आणि पुन्हा धाव. वाक्य तेच, चेहऱ्यावरचा धसका तसाच ताजा. शिडीवर पाइप धरून बसलेला माणूस सकाळपासून खाली उतरला नव्हता. त्याचा वडापाव दोरीला बांधून वर पाठवला. पुढे तो सिनेमा लागला तेव्हा आम्ही सगळी सोसायटी मिळून गेलो. आमची गल्ली जेमतेम डोळ्याची पापणी लवेपर्यंत दिसली. काकू म्हणाल्या, "एवढ्यासाठी माझा कुकर थांबवला?"

तुला वेळ मिळाला तर 'गुड्डी' बघ. १९७१ चा, हृषीकेश मुखर्जींचा. जया भादुरी शाळकरी मुलगी आहे, धर्मेंद्रच्या प्रेमात आकंठ. मग तिला स्टुडिओत नेऊन पडद्यामागचे कष्ट दाखवतात. तुझ्या वयाला तो सिनेमा थोडा भोळा वाटेल, पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे.

सकाळच्या लोकलमध्येही जरा डोळे उघडे ठेव. मोठ्या बॅगेत इस्त्रीचे दोन-तीन जोड घेऊन निघालेल्या बाया दिसतील. एक भरजरी साडी, एक साधी, एखादा ऑफिसात शोभेलसा ड्रेस. त्या ज्युनिअर आर्टिस्ट. पूर्वी त्यांना एक्स्ट्रा म्हणायचे. लग्नाच्या सीनमधल्या पाहुण्या, कोर्टातल्या बाकावरचे लोक, दवाखान्यातली रांग, ती हीच माणसं. त्यांनी तुझ्या हिरोपेक्षा जास्त सिनेमांत काम केलेलं असतं. त्यांच्याकडे कोणी सेल्फी मागत नाही. बसायला जागा मिळाली तर त्यांच्याशी बोल. सिनेमाबद्दल त्या जे सांगतील ते मासिकात छापून येत नाही.

आता जरा कठीण गोष्ट लिहिते. ओळखणारी गर्दी कायमची नसते. भगवानदादांचं नाव तुझ्या पिढीला माहीत असेल-नसेल. पुढच्या कितीतरी हिरोंनी त्यांची नाचायची ढब उचलली. गिरणीत काम केलेला माणूस. १९५१ च्या 'अलबेला'ने बंगला दिला, गाड्या दिल्या. मग पुढचे सिनेमे पडले आणि सगळं गेलं. शेवटची वर्षं दादरच्या चाळीत काढली, आणि २००२ साली तिथेच गेले. पण दादरची माणसं त्यांना विसरली नव्हती. गणपतीची मिरवणूक त्यांच्या घरापाशी आली की थांबायची, 'अलबेला'चं गाणं वाजायचं, लोक त्यांच्यासारखे नाचायचे आणि मग पुढे जायचे. मला वाटतं, चाहत्याने कलावंताला द्यावं ते हे. त्यांच्याच दारात, त्यांचंच काम त्यांना परत करायचं, आणि थांबून न राहता पुढे जायचं.

परवीन बाबीचं नेमकं उलट झालं. एके काळी तिचा फोटो मासिकाच्या मुखपृष्ठावर आला की अंक हातोहात खपायचा. जानेवारी २००५ मध्ये जुहूच्या फ्लॅटमध्ये ती एकटी गेली. दाराबाहेर दूध आणि पेपर तसेच पडून राहिलेले दिसले, म्हणून सोसायटीने पोलिसांना कळवलं, तेव्हा समजलं. लाखो चाहत्यांपैकी कोणाला कळलं नाही. दार बघणाऱ्या शेजाऱ्यांना कळलं. तू ज्या बिल्डिंगमध्ये राहतेस, तिथे तुझ्या मजल्यावर कोण राहतं हे तुला ठाऊक आहे का? पुढच्या फोनमध्ये मी हे विचारणार आहे.

आणि एक आमच्या बँकेतली. वृद्ध कलावंतांना सरकार थोडं मानधन देतं, त्यासाठी दर वर्षी हयातीचा दाखला लागतो. तो घ्यायला एक बाई यायच्या. आधी सांगितलं तसं, नाव सांगणार नाही. एका वर्षी त्यांची सही जुळेना. हात थरथरायला लागला होता. नियमाप्रमाणे नमुन्याची नवी सही घ्यायला हवी होती. मी कार्ड पुढे केलं. त्यांनी सावकाश एक नाव लिहिलं, थांबल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि ते खोडलं. पडद्यावरचं नाव लिहिलं होतं. मग खाली कागदोपत्री नाव लिहिलं. खाडाखोड चालत नाही, म्हणून मी दुसरं कार्ड दिलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही ओळखलंत ना?" मी म्हटलं, "शाळा बुडवून मॅटिनीला पाहिलंय तुम्हाला." "मग मार पडला असेल," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "पडला. पण सिनेमा चांगला होता." खूप हसल्या. मागून एक जण "लवकर करा हो" म्हणून ओरडला, तेव्हा आमचं बोलणं तिथेच थांबलं. पुढच्या वर्षीपासून त्या येताना कार्डावरचं नाव आधी मनाशी म्हणत यायच्या आणि माझ्याच खिडकीशी उभ्या राहायच्या, रांग लांब असली तरी.

तर आता समोर हिरो आला तर काय करायचं ते सांगते. तो जेवत असेल, मुलाबाळांबरोबर असेल, दवाखान्यात, औषधाच्या दुकानात, कोणाच्या अंत्ययात्रेत असेल, तर बघायचं आणि सोडून द्यायचं. विमानतळावर नाहीतर लिफ्टमध्ये समोरासमोर आलात आणि त्यानेच नजर दिली, तर "तुमचं अमुक काम आवडलं" एवढं एक वाक्य बोलायचं. कामाचं नाव घेऊन बोलायचं. 'मी तुमची मोठी फॅन' हे तो दिवसातून कितीदा तरी ऐकतो. 'त्या प्रसंगात तुम्ही दार लावताना जे थांबलात ते आवडलं' असं वर्षातून एखादाच सांगतो. फोटो मागायचा तर आधी विचारायचं, आणि नाही म्हटलं तर मनात अढी धरायची नाही. चोरून फोटो काढायचा नाही. कोणाच्या घराचा पत्ता, मुलांची शाळा असलं काही ग्रुपवर टाकायचं नाही. उगाच पाठोपाठ जायचं नाही, गंमत म्हणूनसुद्धा.

तुझी रूममेट आरामनगरात ऑडिशन देत हिंडते म्हणालीस. तिलाही माझा निरोप दे. कोणी रजिस्ट्रेशनचे, कार्डाचे, फोटोंचे पैसे आधी मागितले, तर पर्स उचलायची आणि बाहेर यायचं. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. मीटिंग रात्री कोणाच्या फ्लॅटवर असेल तर ती मीटिंग नव्हे. आणि तिला म्हणावं, नोकरी एकदम सोडू नको. वर ज्यांची नावं लिहिली, त्यांतल्या बऱ्याच जणांनी आधी तिकिटं फाडली, पासबुकं भरली, दुकानात माल मोजला.

येत्या रविवारी दुपारी चारला इथे दीनानाथ नाट्यगृहात नाटक आहे. दोन तिकिटं काढून ठेवली आहेत, सातव्या रांगेची. साडेतीनला नाट्यगृहाच्या दाराशी ये, उशीर करू नकोस. तिसरी घंटा झाल्यावर अंधारात माणसांचे पाय तुडवत जायला मला आवडत नाही. मोबाइल बंद करून पर्समध्ये. प्रयोग संपल्यावर आपण रंगपटाकडे जाऊ. नाटकात ही रीत चालते, मेकअप उतरवता उतरवता ते लोक प्रेक्षकांशी चार शब्द बोलतात. तू टीव्हीवर बघतेस असा एक नटही त्यात आहे. तिथे तुला बोलायचं आहे. काय आवडलं, कुठल्या जागी आवडलं, ते नेमकं सांगायचं. त्यासाठी आधी नाटक नीट बघावं लागेल. आणि काहीच आवडलं नाही, तर रंगपटाकडे वळायचं नाही. गुपचूप बाहेर येऊन वडापाव खायचा, आणि दोघींनी मिळून नाटकाला यथेच्छ नावं ठेवायची.

तुझी,
आत्याआजी